कोलायटिस आणि कारखान्याची शिफ्ट: राजीनामा द्यायच्या आधी हे वाचा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारे २७ वर्षांचे, बेळगावजवळच्या खेड्यातनं रोज मोटरसायकलवर उद्यमबागेतल्या कारखान्यात येतात, सीएनसी मशिनवर आहेत, आठवड्याला शिफ्ट बदलते. आठ महिन्यांमागं कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतनं तपासणी) झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला आतनं सूज आणि जखमा, त्याच्या आधी दीड वर्ष मूळव्याध म्हणून औषध चाललं होतं. आता आतड्याची सूज उतरवणारी मेसालामाइन ४०० ची गोळी दिवसातनं तीनदा, आणि रक्त वाढलं की मेडिकलमधनं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणून दहा-पंधरा दिवस. लिहिलंय की "सध्या तसं बरं आहे, दिवसातनं सात-आठ वेळा जावं लागतं, तीन-चार वेळा रक्त पडतंय, रात्री दोनदा उठतो." सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलतो, आई म्हणते गोळ्या गरम पडायल्यात, नोकरी सोड आणि शेत बघ, घरात लग्नाची बोलणी चाललीत. राजीनामा लिहून शर्टाच्या खिशात ठेवलाय, देऊ का?

देऊ नका. निदान तीन-चार महिने तरी नको.

मी बावीस वर्षं बेळगावात पोटाचे पेशंट बघायलोय आणि तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते सुपरवायझर नाही, आईचं बोलणं नाही, "सध्या तसं बरं आहे" हे चार शब्द खटकले. सात-आठ वेळा संडास, रक्त, झोपेतनं दोनदा उठणं, हे बरं नव्हे हो. हा आजार चालू आहे. या आजारात माणूस इतका सवयीचा होऊन जातो की दहा वेळावरनं सातवर आलं की त्याला सुटका झाल्यासारखं वाटतं, आणि मग तो उरलेल्या सात वेळांभोवती आयुष्य आखायला लागतो, कुठल्या वाटेनं जायचं, किती वाजता जेवायचं, कुठली नोकरी करायची, लग्न करायचं की नाही. तुम्ही नोकरी सोडायचा निर्णय अर्धवट उपचार झालेल्या आजाराच्या भरवशावर घ्यायलासा. आजार नीट शांत झाल्यावर हाच प्रश्न परत स्वतःला विचारा, बहुतेक वेळा तो प्रश्नच उरत नाही. कोलायटिसवाले ट्रक ड्रायव्हर, शिक्षक, गवंडी, वकील माझ्याकडं आहेत, वर्षानुवर्षं कामावर जातात, दिवसातनं एकदा-दोनदा संडास, रक्त नाही. तुम्हाला तिथं पोचायचंय.

आता ही धावपळ का होते ते समजून घ्या, कारण सुपरवायझरला सांगताना पण उपयोगी पडेल. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याचा, आणि तो सुरू होतो गुदाशयापासनं, तिथनं वर सलग चढत जातो, कुणाचा थोडाच भाग, कुणाचं अख्खं मोठं आतडं. गुदाशय म्हणजे साठवणीची जागा. त्याला आतनं सूज आणि जखमा असल्या की ते ताणलं जात नाही, चमचाभर आव आणि रक्त आलं तरी "आत्ताच्या आत्ता" अशी कळ देतं. म्हणून पोट रिकामं असतानाही पळावं लागतं. यात कंट्रोल नसणं, मनाचा कमकुवतपणा, नाटकं असलं काही नाही. याचा भाऊ क्रोन्स, तो तोंडापासनं गुदद्वारापर्यंत कुठंही होतो, मधे मधे चांगला भाग सोडून होतो, आतड्याच्या पूर्ण जाडीत शिरतो, म्हणून त्यात आतडं आवळणं, भगंदरासारखी वाट पडणं असलं होतं. या दोघांना मिळून आयबीडी म्हणतात. आणि आयबीएस वेगळाच, त्यात पोट बिघडतं पण आतड्याला जखम नसते, रक्त पडत नाही. नावं सारखी वाटतात म्हणून लोक घोळ घालतात, एका अक्षराचा फरक आहे पण उपचार पार वेगळे.

मूळव्याधीचं दीड वर्ष, ही आमच्याकडची नेहमीची कथा. रक्त पडलं की मूळव्याध, असं आपल्या भागात ठरूनच गेलंय. बोर्ड वाचून माणूस जातो, कुणीतरी बांधतो, जाळतो, लेप देतो, आणि बोट घालून किंवा दुर्बिणीतनं कुणीच बघत नाही. नाहीतर मग आमांश म्हणून मेट्रोनिडाझोलचे कोर्सवर कोर्स. मूळव्याधीचं रक्त बहुतेक वेळा संडास झाल्यावर वेगळं टपकतं, लालभडक, आणि रात्री झोपेतनं उठवत नाही. रक्त संडासात मिसळलेलं, आव, कळ येणं, रात्री उठणं, वजन उतरणं, यातलं काहीही असलं की कोलोनोस्कोपी झाली पाहिजे, वय २० असो का ६०. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असं कुणी असेल तर तेवढं मनावर घ्या.

आता तुमचं औषध. मेसालामाइन ४०० तीनदा म्हणजे दिवसाला १.२ ग्रॅम. आजार भडकलेला असताना साधारण २.४ ते ४.८ ग्रॅम लागतं. म्हणजे तुम्ही औषध घेतलंच नाही असं नाही, पण निम्मं किंवा त्याहून कमी घेतलंत आणि मग "या गोळीचा उपयोग नाही" असं ठरवून टाकलंत. डोस स्वतःहून वाढवू नका, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून तुमचे डॉक्टर वाढवतील, पण जाऊन हा प्रश्न सरळ विचारा की माझा डोस पुरेसा आहे का. आणि शिफ्टवाल्यांसाठी कामाची गोष्ट: अख्ख्या दिवसाचा डोस एकदम घेतला तरी तितकाच चालतो, तीन वेळा विभागून घ्यायलाच पाहिजे असं नाही. दुपारची गोळी मशिनवर राहून जाते, रात्रपाळीत कुठला दिवस कुठला कळत नाही, मग आठवड्यात सात-आठ डोस बुडतात. जेवणाच्या डब्याबरोबर एकदाच सगळ्या, विषय संपला. हे पण डॉक्टरांना विचारून करा.

दुसरं म्हणजे खालनं द्यायचं औषध. सपोझिटरी किंवा एनिमा हे शब्द काढले की माझ्यासमोर बसलेला पेशंट खाली बघायला लागतो, आणि बायको बरोबर असली तर विषयच बदलतो. पण जखम जिथं सगळ्यात जास्त तिथं औषध थेट पोचतं, तोंडाने आणि खालनं दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा चांगला गुण येतो, आणि ती जी पळापळ आहे ना, ती कमी होते ती बहुतेक याच्यानंच. झोपायच्या आधी घ्यायचं, रात्रपाळी असेल तर सकाळी घरी येऊन झोपता तेव्हा, घड्याळ बघायचं नाही. बाटली कोमट पाण्यात धरून अंगाइतकी गरम करायची, डाव्या कुशीवर झोपायचं, उजवा गुडघा पोटाशी, हळूहळू सोडायचं, खाली जुना टॉवेल टाका कारण डाग पडतात. पहिल्या चार-पाच दिवशी टिकत नाही, लगेच जावं लागतं, तिथंच लोक सोडून देतात. सूज उतरेल तसं टिकायला लागतं. आठवडाभर चिकाटी ठेवा.

आता मेडिकलमधल्या त्या प्रेडनिसोलोनबद्दल, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे. स्टिरॉइड वाईट औषध नाही, भडका विझवायला त्याच्यासारखं पटकन काम करणारं थोडंच काही आहे, पण त्याची पद्धत असते. साधारण ४० मिलिग्रॅमपासनं सुरू करून दर आठवड्याला ५ नं उतरवत दोनेक महिन्यांत बंद. दहा-पंधरा दिवस खाऊन एकदम थांबवलं तर आग अर्धी विझते, परत पेटते, शिवाय शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असलं तर चक्कर, उलट्या, बीपी पडणं असलं होऊ शकतं. आणि स्टिरॉइड आजार शांत ठेवायचं औषध नव्हे, भडक्यापुरतं आहे. वर्षात दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आली, किंवा १० मिलिग्रॅमच्या खाली उतरवलं की परत रक्त यायला लागलं, तर त्याचा अर्थ वरच्या पायरीचं औषध पाहिजे असा होतो. परत तीच चिठ्ठी घेऊन मेडिकलला जाणं हा उपाय नाही.

वडगावचा एक विणकर माझ्याकडं आला तेव्हा तीन वर्षं असंच चाललेलं. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी विचारायचा नाही, पेशंटला पण बरं वाटायचं, भूक लागायची, चेहरा गोल झाला तर गावात लोक म्हणायचे तब्येत सुधारली. आला तो पोटासाठी नव्हेच, मागावर बसता येईना म्हणून. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा गेलेला, दोन्हीकडचा. पोट त्याचं आता छान आहे, औषध बदलल्यावर सहा महिन्यांत शांत झालं, पण खुबा बदलावा लागला आणि मागाचा धंदा सुटला तो सुटलाच. त्याची नोकरी कोलायटिसनं घालवली नाही. तुम्ही या वर्षात किती कोर्स केलेत ते मोजा आणि डॉक्टरांना खरा आकडा सांगा, रागवतील म्हणून कमी सांगू नका.

वरच्या पायरीत काय असतं ते थोडक्यात. अझाथायोप्रिन ही जुनी, स्वस्त गोळी, पण गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि रक्ततपासणी चुकवायची नाही, सुरुवातीला दर आठवडा-पंधरवड्याला, मग तीन महिन्यांनी. आपल्या भारतीय लोकांत काहींच्यात एनयूडीटी-१५ (NUDT15) या जनुकाचा असा प्रकार असतो की साध्या डोसनंही पांढऱ्या पेशी पार खाली येतात. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यात केस हातात यायला लागले तर थांबायचं आणि त्याच दिवशी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी, हे मी पेशंटला चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून देतो. त्याच्यापुढं इन्फ्लिक्सिमॅबची सलाईन, पहिली दिल्यावर २ आणि ६ आठवड्यांनी आणि मग दर ८ आठवड्यांनी, किंवा अडालिमुमॅबची पोटात घ्यायची इंजेक्शनं, किंवा टोफासिटिनिबच्या गोळ्या. भारतात बनणाऱ्या प्रती आल्यापासनं किमती उतरल्यात, तरी सगळ्यांना झेपतील असं नाही, आणि त्या सुरू करायच्या आधी क्षयरोग कुठं लपून बसलाय का ते बघावंच लागतं, छातीचा एक्स-रे आणि रक्ताची किंवा कातडीची चाचणी. हा भाग पेशंटला उगाच वेळकाढूपणा वाटतो. आपल्या देशात टीबी घरोघरी आहे, तो झाकलेला असताना ही औषधं दिली तर उसळून येतो.

टीबीचा विषय निघाला म्हणून क्रोन्सवाल्यांसाठी एक कबुली. लहान-मोठं आतडं जिथं मिळतं तिथं टीबी आणि क्रोन्स दोन्ही सारखेच दिसतात, बायोप्सीत पण नेहमी उलगडत नाही, म्हणून आपल्याकडं बऱ्याच जणांना आधी टीबीच्या गोळ्या दिल्या जातात. त्यात चूक नाही. चूक तेव्हा होते जेव्हा दोन-तीन महिन्यांनी परत दुर्बीण घालून जखमा भरल्यात का ते बघितलं जात नाही. सुरुवातीच्या काळात खानापूर बाजूच्या एका शेतकऱ्याला मी पूर्ण कोर्स चालू ठेवला, वजन दोन किलो वाढलं म्हणून खूश झालो, परत कोलोनोस्कोपीला त्यांच्याकडं पैसे नव्हते आणि मी पण जोर केला नाही. क्रोन्स होता. तोपर्यंत आतडं आवळलेलं, ऑपरेशनला जावं लागलं. तेव्हापासनं मी परत दुर्बिणीची तारीख टाकूनच देतो.

बरं, तुमच्या कामाच्या जागी येऊ. तुम्ही लिहिलं नाही पण विचारतो: कंबर-खांदा दुखतो म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन खाता का? उद्यमबाग, मच्छे, तिकडची सगळी फौंड्री-मशिनशॉपवाली माणसं खिशात या गोळ्या घेऊन फिरतात, पानपट्टीवर सुट्या मिळतात. या गोळ्यांनी कोलायटिस भडकू शकतो. दुखलं तर पॅरासिटामॉल. आणि सकाळी उठल्यावर कंबर तासभर आखडून राहत असेल, हालचाल केल्यावर सुटत असेल, तर ती वजन उचलल्याची कंबर नसेल, याच आजाराचा सांध्यातला भाग असू शकतो, डोळा लाल होऊन दुखणं पण त्यातच येतं, डॉक्टरांना सांगा. दुसरी सवय म्हणजे शिफ्टला जायच्या आधी लोपरामाइड खाऊन संडास अडवणं. रक्त पडत असताना, पोट फुगलेलं असताना ते करू नका, मोठं आतडं फुगून जीवावर बेतू शकतं. तिसरी, पाणीच न पिणं. संडास होऊ नये म्हणून भट्टीजवळ आठ तास कोरडे राहणारे लोक मी बघितलेत, संडास तितकीच होते, वर मूतखडा आणि चक्कर. पाणी प्या, पातळ होत असेल तर ओआरएस.

आणि थकवा. सुपरवायझर "सुस्त झालायस" म्हणतो असं लिहिलंय तुम्ही. हिमोग्लोबिन किती आहे? दोन वर्षांहून जास्त रक्त जातंय म्हटल्यावर मला ते कमीच वाटतंय. सूज असताना लोहाच्या गोळ्या पोटाला सोसत नाहीत आणि नीट शोषल्या पण जात नाहीत, मग सलाईनमधनं लोह देतात, आणि दोन-तीन आठवड्यांत माणूस जिना चढताना धापा टाकायचा थांबतो. कितीतरी लोकांची "आता काम झेपत नाही" ही तक्रार मी नुसत्या लोहावर सुटलेली बघितली आहे.

कंपनीला सांगायचं का? माझं मत, सांगायचं, पण गावभर नाही. एकाला, ज्याच्या हातात शिफ्ट लावणं आहे त्याला, आणि तोंडी नको, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीत काय पाहिजे ते मी माझ्या पेशंटना देतो तसं सांगतो: आतड्याचा दीर्घकाळचा आजार आहे, संसर्गजन्य नाही, उपचार चालू आहेत, भडक्यात तातडीनं संडासला जावं लागतं त्यासाठी अडवू नये, तीन महिने शिफ्ट एकच ठेवावी, महिन्यातनं एकदा तपासणीसाठी अर्धा दिवस. "संसर्गजन्य नाही" ही ओळ विसरू नका, कँटीनमध्ये एकाच मगातनं पाणी पिणाऱ्यांना ती वाचून दाखवावी लागते. चिठ्ठी इंग्रजीत घ्या, साहेब कानडी असो का मराठी का तमिळ, अडत नाही. मशिनच्या बाबतीत छोट्या छोट्या गोष्टी असतात, शेजारच्या मशिनवाल्याशी ठरवून ठेवा, तुम्ही हात वर केला की त्यानं नजर ठेवायची, दोन मिनिटांच्या सायकलचा जॉब असेल तर काही दिवस लांब सायकलचा मागून घ्या. मशिन चालू सोडून पळू नका, त्यात बोटं जातात. बॅगेत एक पँट, चड्डी, प्लॅस्टिकची पिशवी, पाण्याची बाटली. ती बॅग जवळ असली की निम्मी भीती जाते, आणि भीती गेली की कळ पण कमी येते, हा माझा अनुभव.

कायद्याचं म्हणाल तर कारखान्यात कामगारांना जाता येईल अशा जागी पुरेशी संडासं ठेवणं मालकाची जबाबदारी आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत पण त्यात या आजाराचं नाव नाही, म्हणून सर्टिफिकेटच्या मागं महिने घालवू नका. तुमच्या हातात खरी गोष्ट आहे ती ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. पगार महिना २१,००० च्या आत असेल तर तुम्ही त्यात असणार, पगारपत्रकात कपात बघा. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवस भरलेले असले की आजारपणाच्या रजेला पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, वर उपचार. राजीनामा दिला की वर्गणी थांबते आणि पुढं हे सगळं जातं, आणि मग खासगी विमा घ्यायला गेलात तर आधीपासनंचा आजार म्हणून तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. म्हणजे औषधाची सगळ्यात जास्त गरज असताना तुम्ही स्वतःच्या हातानं औषधाचं दार बंद करणार. शेतावर संडास जवळ आहे हे खरं, पण शेत मेसालामाइनचे पैसे देतं का ते आईंना विचारा.

ईएसआय नसलेल्यांना, निपाणीच्या विडीकामगार बायका असोत किंवा खेड्यातले शेतकरी, बीपीएल असेल तर कर्नाटकाची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे, वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करायचं २०२३ मध्ये जाहीर केलं, त्यावरनं राजकारण पण झालं, तुमचं गाव त्यात असेल तर कोल्हापूरला जायच्या आधी कागदांची चौकशी करा. मात्र या योजना मुख्यतः ॲडमिशन आणि ऑपरेशनच्या, रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यातनं भागत नाही. गोळ्यांसाठी जनऔषधी दुकानात घटकाचं नाव सांगून विचारा, ब्रँडचं नाव सांगितलं की ते नाही म्हणतात.

प्रवासाचं एक. लांब जायचं असेल तर बस नको, रेल्वे. हुबळी-धारवाडकडं असो का मिरजेकडं, डब्यात संडास आहे एवढ्या एका गोष्टीनं माणूस निवांत बसतो. बसमध्ये निपाणी-संकेश्वर पट्ट्यात ड्रायव्हरला थांबवायची वेळ आलीच तर लाजू नका, "होट्टे नोवु, शौचालय एल्लिदे" (पोट दुखतंय, संडास कुठं आहे) एवढं कानडी यायलाच पाहिजे, ते ऐकल्यावर न थांबवणारा ड्रायव्हर मला तरी कुणी सांगितला नाही. यल्लम्माच्या यात्रेला, शिवजयंतीच्या रात्रभराच्या मिरवणुकीला भडका चालू असताना जाऊ नका, शांत असताना खुशाल जा, पाणी तेवढं घरचं न्या. पावसाळ्यात अचानक वाढलं तर प्रत्येक वेळी आजारच भडकला असं नसतं, साधा संसर्ग पण असतो, संडासची तपासणी करून मगच औषध वाढवायचं.

आता आई तुमच्या गोळ्यांबद्दल जे म्हणतात ते आणि खाण्याबद्दल. "गरम पडतात" म्हणून बरं वाटल्यावर मेसालामाइन थांबवणं हे परत भडकायचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे माझ्या ओपीडीत. आणि खाण्यानं हा आजार होत नाही, मिरचीनं पण नाही. जखम असताना ठेचा झोंबतो, म्हणून भडक्यात मऊ भात, मुगाचं वरण, तूप, अंडं, सोललेला दुधी-भोपळा, केळं, ताक सोसत असेल तर ताक, दूध सोसत नसेल तर नको, मग दुधाचा कुंदा पण काही दिवस लांबच. शांत झाल्यावर जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी, रविवारचं मटण, सगळं. मी असे पेशंट बघितलेत की भात-ताकावर वर्ष काढून दहा किलो उतरवून घेतलेत आणि आजार तसाच. ज्यांना क्रोन्सनं आतडं आवळलंय त्यांनी मात्र मका, फणस, रेषाळ भाज्या, बियांसकट पेरू टाळावेत, अडकतात. विडी-सिगारेट क्रोन्सला सरळ सरळ वाईट करते. कोलायटिसमध्ये सिगारेट सोडल्यावर काहींचा आजार उसळतो हे खरं आहे, ते वाचून परत ओढायला लागलेला एक महाभाग मला भेटलाय, तसं करू नका. जडीबुटीची पुडी घेत असाल तर घेताय एवढं लपवू नका, काही पुड्यांत स्टिरॉइडच मिसळलेलं निघतं.

लग्न करा. मुलगी आणि तिच्या घरच्यांना आधी सांगून करा. मुलांना व्हायचा धोका थोडा वाढतो पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही. सल्फासालाझिन नावाची जुनी गोळी असेल तर ती शुक्राणू कमी करते, बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतं, तुमची मेसालामाइन आहे, तो प्रश्न नाही. हे वाचणाऱ्या बायकांसाठी: आजार शांत असताना दिवस जाऊ द्या, आणि दिवस गेले म्हणून घाबरून सगळ्या गोळ्या बंद करू नका, मेथोट्रेक्सेट, टोफासिटिनिब अशी काही आधीच बदलावी लागतात, बाकी बरीचशी चालू ठेवतात.

एक गोष्ट घाईची. दिवसातनं सहा किंवा जास्त वेळा रक्तासकट संडास, आणि त्याबरोबर १०० च्या वर ताप, किंवा बसल्या जागी नाडी ९० च्या वर, किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, असं झालं तर त्याच दिवशी ॲडमिट, उद्याची शिफ्ट उरकून नव्हे. शिरेतनं स्टिरॉइड देऊन तिसऱ्या दिवशी गुण बघतात, नाही आला तर पुढचं औषध किंवा ऑपरेशन. एका पायाची पोटरी अचानक सुजली-दुखली तरी यायचं, भडक्यात रक्ताच्या गुठळ्या होतात. तुमचं रक्त सध्या तीन-चार वेळा आहे, फार लांब नाही तुम्ही या रेषेपासनं. शिवाय आजार सुरू होऊन आठ वर्षं झाली की कॅन्सर बघायला ठराविक काळानं कोलोनोस्कोपी लागते, तुमची ती वेळ अजून लांब आहे पण पहिलं रक्त कधी पडलं ती तारीख आजच कुठंतरी लिहून ठेवा, मूळव्याधीची दीड वर्षं त्यात धरून.

तर या आठवड्यात एक सुट्टी टाका. जाताना कोलोनोस्कोपीचा फोटोवाला रिपोर्ट, बायोप्सी, आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं रिकामी असली तरी न्या. सीबीसी, सीआरपी, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, लोहाची तपासणी, आणि संडासचं कॅलप्रोटेक्टिन. हे कॅलप्रोटेक्टिन आतली सूज सांगतं, ५० च्या खाली म्हणजे शांत, २५० च्या वर गेलं की आग चालू, आणि औषध वाढवल्यावर तीन महिन्यांनी तेच परत करून बघायचं, म्हणजे दरवेळी दुर्बीण नको. सॅम्पल सकाळच्या पहिल्या वेळचं, बोराएवढं पुरतं, डबी लॅबमधनं आदल्या दिवशी आणून ठेवा, आणि ती गाडीच्या डिकीत उन्हात तापत ठेवून शिफ्टला जाऊ नका, आधी देऊन मग कामावर.